मोहीम तूर्त तहकूब

आमच्या घराण्याला मिशनरी येण्याचा अनुभव चार पिढ्यांचा आहे. मिशनरी जावयास निघतात तेव्हा त्यांच्या घरी काय काय घडते, हे मात्र मी वयाची पन्नाशी उलटल्यावर प्रथमच पाहिले, आणि ते पाहिल्यापासून, ही मंडळी मुळात आमच्या नगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली तरी कशी, या आश्चर्यातून मी अद्याप बाहेर पडलेलो नाही. माझ्या पणजोबांना अक्षरओळख झाली ती अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत; आजीला पेटी वाजवावयास शिकविले ते एका मडमसाहेबांनी; आणि 'ज्ञानोदया'चे जुने अंक आमच्या माळ्यावर, उंदरांना बायबलाखालोखाल पूज्य असावेत अशा बेताने, शाबूत राहिलेले होते. त्यामुळे मिशनरी हा मृगाच्या पावसासारखा असतो, तो आपण होऊन समुद्राकडून येतो, आणि येण्यापूर्वी कोणाशी मसलत करीत नाही, अशी बालपणापासून माझी दृढ समजूत होती. ही समजूत ओहायओ राज्यातील एका चर्चच्या तळघरात, घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून, आठ महिन्यांच्या अवधीत हप्त्याहप्त्याने नाहीशी झाली.

नोकरीच्या निमित्ताने मी त्या राज्यात स्थायिक झालो होतो आणि गावातील एका मध्यम आकाराच्या चर्चचा सभासदही झालो होतो. तेथील मंडळीने माझे स्वागत मोठ्या प्रेमाने केले, आणि मी 'परदेशातील' असल्यामुळे परदेश या विषयातील तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक तत्काळ आणि तहहयात झाली. अहमदनगर आणि होंडुरास यांच्यामध्ये जवळजवळ अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे हे मी एकदोनदा नकाशा काढून दाखविले. तथापि दोन्ही ठिकाणे 'तिकडे' आहेत, तिकडे उकडते, तिकडे पाणी उकळून प्यावे लागते, आणि तिकडे सरकारे बदलतात, एवढ्या साम्यापुढे भूगोलाचा पुरावा लंगडा पडला. अशा रीतीने २००९ सालच्या होंडुरास सेवायात्रेच्या समितीत, स्पॅनिश भाषेचा गंध नसताना, मी परराष्ट्रखात्याचा कारभारी म्हणून दाखल झालो.

सेवायात्रा हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चमधील काही तरुण आणि काही तारुण्याची हौस शिल्लक राहिलेले वृद्ध मिळून एखाद्या गरीब देशातील खेड्यात आठ दिवसांसाठी जातात, तेथील एखाद्या शाळेची भिंत बांधतात किंवा रंगवितात, मुलांना टूथब्रश वाटतात, बाहुल्यांचा खेळ करून शुभवर्तमानातील गोष्टी सांगतात, आणि परत येऊन त्याचे पारदर्शक चित्रांसह निवेदन करतात. आमचे खेडे राजधानी तेगुसिगाल्पापासून तीन तासांच्या अंतरावर, पाइन वृक्षांच्या डोंगरात होते. होंडुरासातील शाळांचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होते, म्हणजे जुलै महिन्यात तेथील वर्ग ऐन भरात असतात. पण आमची सुट्टी जुलैत असल्यामुळे आमच्या सुट्टीसाठी त्या मुलांनाही सुट्टी द्यावी लागे, ही अडचण आमच्या दप्तरात कोठेही नमूद नव्हती.

सोळा जणांच्या प्रवासखर्चासाठी निधिसंकलन झाले ते जानेवारीपासून. स्पॅगेटीच्या तीन जेवणावळी उठल्या, तरुणांनी दर शनिवारी गावातील मोटारी धुतल्या, आणि एकच मोटार धुळीने न माखता सहा वेळा धुवून घेणारे आजोबाही मी पाहिले. पेशाने इंजिनियर असल्यामुळे मी एकदा, केवळ जिज्ञासा म्हणून, असा हिशेब मांडला की, या रकमेत त्याच देशातील रंगारी लावून किती शाळा किती वेळा रंगविता येतील. आमच्या खजीनदारबाईंनी तो कागद शांतपणे वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे. पण रंगारी लावले तर आपल्या मुलांना रंग लावायला कुठे पाठवायचे?" हा जमाखर्च वहीत मावणारा नव्हता, हे ओळखून मी गप्प बसलो.

प्रस्थानाचा दिवस ११ जुलै ठरला, आणि पथकाला मंडळीसमोर उभे करून, मस्तकावर हात ठेवून निरोप देण्याचा विधी २८ जूनच्या रविवारी योजण्यात आला. पंचांग न पाहणाऱ्या लोकांनी इतका नेमका मुहूर्त साधल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. पाठीवर 'होंडुरास २००९' अशी अक्षरे छापलेले नारिंगी सदरे घालून सोळा जण वेदीसमोर ओळीने उभे राहिले होते, पाळकसाहेब होंडुरासच्या राज्यकर्त्यांना स्थैर्य लाभो अशी प्रार्थना करीत होते, आणि त्याच सकाळी, त्या प्रार्थनेच्या काही तास आधी, होंडुरासच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष मान्युएल सेलाया यांना अंथरुणातून उठवून, रात्रीच्या कपड्यांनिशी विमानात बसवून, कोस्टा रिकात नेऊन सोडले होते. ही बातमी मागच्या बाकावरील एका मुलाच्या मोबाईलवर आली, बाकाबाकाने पुढे सरकली, आणि 'आमेन' म्हणावयाच्या क्षणी पहिल्या बाकापर्यंत पोहोचली. त्यामुळे त्या दिवशीच्या 'आमेन'मध्ये जो प्रश्नार्थक स्वर उमटला तो ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासात विरळा असावा.

त्याच सायंकाळी समितीची तातडीची बैठक बोलाविण्यात आली. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने पुढे जे फर्मान काढले, त्यात नागरिकांनी होंडुरासचा 'अत्यावश्यक नसलेला' प्रवास तूर्त लांबणीवर टाकावा असा सल्ला होता, आणि या एका विशेषणाने आमच्या समितीला जितके छळले तितके सैतानानेही कोणा समितीला छळले नसेल. आमचा प्रवास अत्यावश्यक नाही असे म्हणावे, तर प्रभूच्या कार्याला ऐच्छिक ठरविल्याचा दोष माथी येई. तो अत्यावश्यक आहे असे म्हणावे, तर आठ दिवसांत भिंत न रंगविल्यास कोणाचे काय अडते, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे. हा मुद्दा अभिप्रायार्थ पाळकसाहेबांकडे पाठविण्यात आला. त्यांनी पुढील रविवारी त्यावर चाळीस मिनिटांचे प्रवचन दिले. ते फार सुंदर होते, आणि ते ऐकून दोन्ही बाजूंची खात्री पटली की पाळकसाहेब आपल्याच बाजूचे आहेत.

दुसरा पेच विमापत्राचा होता. कलमे वाचण्याचे काम तज्ज्ञ या नात्याने माझ्याकडे आले. त्या दस्तऐवजात आजारपण, वादळ, सामान हरवणे यांची तरतूद उदार होती; पथकातील कोणाही व्यक्तीने सहा फुटांपेक्षा उंच शिडीवर चढल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, असेही एक कलम होते, आणि ते वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे; परंतु राज्यक्रांती झाल्यास काय, याविषयीची वाक्यरचना अशी होती की, जे घडले त्याला नाव काय द्यावयाचे यावर सारे अवलंबून होते. आणि नाव देणे हीच तर त्या वेळी साऱ्या जगाची अडचण होऊन बसली होती. होंडुरासच्या काँग्रेसने सेलायांचे म्हणून एक राजीनामापत्र वाचून दाखविले होते. ते आपले नव्हेच, असे सेलाया कोस्टा रिकातून ओरडून सांगत होते. काँग्रेसचे अध्यक्ष रोबेर्तो मिचेलेत्ती यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन, हे घटनेबरहुकूम झालेले सत्तांतर आहे असे जाहीर केले. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने हा शुद्ध बंडावा आहे असे ठरवून ४ जुलै रोजी होंडुरासचे सभासदत्व स्थगित केले. आणि 'लष्करी बंड' हे शब्द कायदेशीरपणे उच्चारल्यास मदत थांबविणे भाग पडते, म्हणून अमेरिकेचे परराष्ट्रखाते ते शब्द ओठांवर आणून पुनःपुन्हा गिळत होते. ज्या प्रश्नाचा फैसला करण्यास वॉशिंग्टन धजावत नव्हते, तोच प्रश्न विमाकंपनीच्या दूरध्वनीवरील एका कोवळ्या आवाजाच्या मुलीला मी विचारला. तिने मला अठरा मिनिटे संगीत ऐकविले आणि नंतर, "ते अजून तिथेच आहेत का?" असा प्रतिप्रश्न केला.

एवढ्यात समितीत पक्ष पडले. आमच्या लोकांना जहाल आणि मवाळ हे शब्द ठाऊक नसले तरी वस्तू ठाऊक होती, आणि तळघरातील त्या सभेला सुरतेच्या काँग्रेसची कळा यावयास केवळ एक पादत्राण कमी पडले. जहालांच्या पुढारी होत्या बालवाडीच्या एक शिक्षिका, ज्यांनी चाळीस वर्षे चार वर्षांची मुले सांभाळली असल्यामुळे त्यांना कोणत्याही सैन्याचे भय उरले नव्हते. आणि मवाळांचे अग्रणी होते लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नल, ज्यांना बंदुकीच्या नळीचा व्यास ठाऊक होता. दोन्ही पक्षांनी शास्त्राधार आणले. जहालांनी सिंहांच्या गुहेतील दानीएल पुढे केला. मवाळांनी, दानीएल तेथे स्वेच्छेने गेला नव्हता, त्याला टाकण्यात आले होते, हे निदर्शनास आणून दिले. कर्नलसाहेबांनी प्रेषितांच्या कृत्यांतून, प्रत्यक्ष पौलानेच गलबत हाकारू नका असा इशारा दिला होता, हे शोधून काढले, त्यावर शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पण गलबत फुटलं म्हणून तर माल्टा बेटावरची आजारी माणसं बरी झाली!" यानंतर गलबत फोडावे की नाही यावरच चर्चा सुरू झाली. तिसरा पक्ष प्रार्थनावाद्यांचा. तो कोणत्याही ठरावाला हरकत घेत नसे, केवळ मतदानाची वेळ आली की, "आधी प्रार्थना करू या," असे सुचवी. आणि प्रार्थनेनंतर कॉफी आणि कॉफीनंतर घरी जाण्याची वेळ होत असल्यामुळे, सरतेशेवटी सर्व निर्णय याच पक्षाच्या मताने झाले असे म्हणावे लागते.

माझी साक्ष संचारबंदीच्या कलमावर झाली. होंडुरासात रात्री नवापासून सकाळी सहापर्यंत संचारबंदी लागू झाल्याचे वृत्त होते आणि अशा परिस्थितीत जीवन कसे असते हे मी सांगावे अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. हिंदुस्थानात लष्कराने कधीच सत्ता घेतलेली नाही, हे मी प्रथम स्पष्ट केले. पण १९७५ च्या आणीबाणीत मी कॉलेजात होतो, एवढी कबुली माझ्या तोंडून निघताच सभेत जी गंभीर शांतता पसरली, ती भंग करण्याचे धैर्य मला झाले नाही. वस्तुतः त्या एकवीस महिन्यांत मी केलेले सर्वांत साहसी कृत्य म्हणजे कॉलेजच्या उपाहारगृहात वडे महागल्याबद्दल हळू आवाजात नापसंती व्यक्त करणे. परंतु मंडळीच्या नजरेत मी त्या दिवसापासून हुकूमशाहीच्या छायेतून आलेला मनुष्य झालो. संचारबंदीचा परिणाम मात्र समितीच्या अपेक्षेच्या उलट झाला. पथकातील सहा मुले सोळा-सतरा वर्षांची होती, आणि रात्री नऊनंतर घराबाहेर पडणाऱ्यास सशस्त्र सैनिक अडवितात हे कळल्यावर त्यांच्या मातांचा यात्रेला असलेला विरोध बराचसा मावळला.

५ जुलैच्या रविवारी मात्र विनोदाला जागा उरली नाही. सेलाया विमानाने परत आले, तेगुसिगाल्पाच्या तोंकोंतीन विमानतळाच्या धावपट्टीवर लष्कराने वाहने आडवी घातल्यामुळे विमानाला वरच्यावर घिरट्या घालून परतावे लागले, विमानतळाच्या कुंपणाशी हजारोंचा जमाव लोटला, आणि गोळीबारात एकोणीस वर्षांचा एक मुलगा मृत्युमुखी पडला. आमच्या पथकातील सहा मुलांहून तो दोनतीन वर्षांनी मोठा. त्या सायंकाळी तळघरात जहाल-मवाळ कोणी राहिले नाही. 'मोहीम तूर्त तहकूब' असा ठराव एकमताने झाला. कॉफी तशीच निवून गेली.

याच बैठकीनंतर, मंडळी खिन्न झाली आहे असे पाहून, मी त्यांना त्यांच्याच पूर्वजांची एक हकीकत सांगितली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे तरुण पाद्री १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून गलबताने निघाले. ते समुद्रावर असतानाच जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले, म्हणजे ज्या कंपनी सरकारच्या मुलखात ते चालले होते, त्याच्या दृष्टीने ते शत्रूचे प्रजाजन झाले, आणि हे त्यांना ठाऊकही नव्हते. कलकत्त्यास पाय ठेवताच निघून जाण्याचा हुकूम मिळाला. ते ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले, तेथेही गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांच्या सरकारकडे त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचे आदेश आले. तेव्हा हे दोघे गुपचूप होडीत बसून कोचीनकडे निसटले, पकडून पुन्हा मुंबईस आणले गेले, आणि दरखास्तीमागून दरखास्ती लिहून अखेर एकदाचे राहू दिले गेले. हॉलसाहेबांना १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गाठले आणि त्यांचा तेथेच अंत झाला. "त्यांची यात्रा आठ दिवसांची नव्हती," असे मी समारोपादाखल म्हणालो. सभेवर परिणाम झाला. जहालांच्या डोळ्यांत पाणी आले. कर्नलसाहेबांनी तेवढे विचारले की, त्या काळी विमा होता काय. आणि खजीनदारबाईंनी परतीच्या भाड्याचे पैसे त्यांना परत मिळाले काय याची चौकशी केली.

नवी मुदत १० ऑक्टोबरची पडली. कोस्टा रिकाचे अध्यक्ष ऑस्कार आरियास, ज्यांच्या पदरी १९८७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक आहे, ते दोन्ही पक्षांत तह घडवून आणीत होते, आणि त्यांचे पाहून आमच्या समितीनेही जहाल-मवाळांत मध्यस्थी करण्यासाठी एक उपसमिती नेमली. दोन्ही मध्यस्थ्या सारख्याच फलदायी झाल्या. २१ सप्टेंबर रोजी, जे सेलाया देशाबाहेर आहेत असा सर्वांचा समज होता, ते तेगुसिगाल्पातील ब्राझीलच्या वकिलातीत आपल्या नेहमीच्या टोपीसह प्रकट झाले. पुन्हा संचारबंदी, पुन्हा विमानतळ बंद, आणि आठवड्याभरात नागरिकांचे हक्क स्थगित करणारे फर्मान. ठराव पुन्हा तोच, केवळ तारीख बदललेली. या सर्व उलाढालीची खरी झळ बसली ती खजीनदारबाईंना. मलेरियाविरुद्ध घ्यावयाच्या क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या प्रवासाच्या आधीपासून आठवड्याला एक याप्रमाणे सुरू कराव्या लागतात, आणि बाई नियमाच्या अत्यंत पक्क्या. त्यामुळे न झालेल्या यात्रांसाठी त्यांनी तो औषधोपचार यथासांग दोनदा आरंभिला आणि दोनदा मोडला. ओहायओतील डास त्या सबंध वर्षात त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. ज्या १० ऑक्टोबरला आमचे सोळा जण घरी बसले, त्याच दिवशी अमेरिकेचे अकरा जण होंडुरासातील सान पेद्रो सुला येथे बिनदिक्कत उतरले, तेथे फुटबॉल खेळले, ३-२ अशा गोलांनी जिंकले आणि सुखरूप परत आले. शिक्षिकाबाईंनी या वृत्ताचे कात्रण काही न बोलता समितीच्या फलकावर टाचणीने लावले. पुढे चारच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमधील सामन्यात कोस्टा रिकाविरुद्ध हरत आलेल्या अमेरिकेने वाढीव वेळेत गोल करून २-२ अशी बरोबरी साधली, आणि त्या एका गोलामुळे कोस्टा रिका मागे पडून होंडुरासला १९८२ नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळाला. आमच्या मंडळीत या सामन्याची कोणालाच गंधवार्ता नव्हती. मलाही नव्हती, क्रिकेटच्या देशातून आलेल्या माणसाकडून ही अपेक्षाही करू नये.

२९ नोव्हेंबरला निवडणूक झाली, पोर्फिरिओ लोबो निवडून आले, २७ जानेवारी २०१० रोजी त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी सेलाया डोमिनिकन प्रजासत्ताकाकडे रवाना झाले. होंडुरासात शांतता नांदू लागली. आणि येथेच आमच्या यात्रेवरील सर्वांत मोठे संकट कोसळले. शांततेच्या वार्तेने मंडळीचा उत्साह पार मावळला. जेथे संकट नाही तेथे आपण कशाला, असा एक भाव हळूहळू बळावला. त्यातच १२ जानेवारीला हैती देशात भयंकर भूकंप होऊन लक्षावधी लोकांचे संसार उद्ध्वस्त झाले, आणि मंडळीचे अंतःकरण, नकाशा आणि निधी ही तिन्ही रास्त कारणाने तिकडे वळली. होंडुरासची मोहीम सोडून द्यावी अशी सूचनाही आली. ती फेटाळली गेली, ती तिकिटांचे पैसे परत मिळत नसल्यामुळे. ईश्वरी योजना कोणत्या साधनांनी सिद्धीस जाते याविषयी मनुष्याने आग्रही असू नये.

२० फेब्रुवारीला आम्ही निघालो. अमेरिकेतील शाळा चालू असल्यामुळे सहाही मुले गळाली होती, उरलेल्यांपैकी काहींनी माघार घेतली होती, आणि सोळांच्या जागी मोजकेच जण राहिले होते, ज्यांत साठीच्या आतला मी एकटाच होतो. नारिंगी सदरे मात्र मुलांच्या मापाचे होते. त्यांच्यावरील '२००९' हा आकडा एका भाविक बाईंनी त्यावर कापडी क्रूस शिवून झाकला होता, त्यामुळे पाठमोरी रांग पाहणाऱ्यास आम्ही एखाद्या धर्मयुद्धावर निघालेलो, आणि कपडे आटेपर्यंत पावसात भिजलेलो आहोत, असा भास झाला असता. भर म्हणून तिकडे अशा पाहुण्यांच्या पथकाला 'ब्रिगादा' म्हणतात. विमानतळावरील अधिकाऱ्याने "कोणती ब्रिगादा?" असे विचारले तेव्हा कर्नलसाहेबांनी सवयीने टाचा जुळवून आपल्या जुन्या पलटणीचा क्रमांक सांगितला, आणि तो गोंधळ निस्तरावयास अर्धा तास लागला. दोन खेपांना मोडलेली क्लोरोक्विनची मात्रा बाईंनी या वेळी पुरी केली.

खेड्यात आमचे जे स्वागत झाले त्याने आम्ही सर्व भारावून गेलो. शाळेच्या पटांगणात सारा गाव जमला होता. पुरुषांनी आम्हांला मिठ्या मारल्या, मुलांनी आमची नावे सोडून कोणा भलत्याच नावाचा जयघोष केला. चारशे टूथब्रशांचा गठ्ठा अद्याप सोडावयाचा होता, तेव्हा एवढी कृतज्ञता कशाबद्दल, हे कळेना. दुभाष्याने चौकशी करून खुलासा केला: वॉशिंग्टनमधील तो वाढीव वेळेतला गोल ज्याने केला, त्या अमेरिकन खेळाडूचे ते नाव होते, आणि अमेरिकेने त्या वर्षी होंडुरासवर केलेला तेवढा एकच निर्विवाद उपकार होता. गावाला सर्व अमेरिकन माणसे त्या गोलाची भागीदार वाटत होती. आम्ही, प्रामाणिकपणाचे व्रत असूनही, तो गैरसमज दूर केला नाही.

नंतर आम्हांला भिंत दाखविण्यात आली, आणि आम्ही चकित झालो. भिंत वरून खाली निळी-पांढरी, नीटनेटकी रंगविलेली होती. मात्र जमिनीपासून चार फुटांचा एक पट्टा आखल्यासारखा कोरा होता. तेथील पाळक, एक शांत गृहस्थ, कॉफीची बाग सांभाळून देवळाचे काम पाहणारे, संकोचाने म्हणाले, "शाळा उघडायची होती, म्हणून वरचा भाग आम्हीच करून घेतला. तुम्ही शिडीचं ते कलम कळवलं होतं ना, म्हणून खालचा तुमच्यासाठी ठेवला."

त्या रात्री जेवणानंतर त्यांनी आम्हांला एक शाळकरी वही दाखविली. ती त्यांच्या समितीची होती. त्यांचीही समिती होती, हे आठ महिन्यांत आम्हांला एकदाही सुचले नव्हते. दुभाष्या वाचू लागला तसतसा मी अधिकाधिक ओशाळत गेलो. जूनअखेरच्या बैठकीत प्रश्न असा निघाला होता की, पाहुणे आल्यावर रस्ते बंद पडले तर सोळा माणसांना किती दिवस जेवू घालता येईल. गावात दोन तट पडले होते. पाहुणे आले तर सैनिक गावाला त्रास देणार नाहीत, असे एकांचे मत. पाहुण्यांपैकी एकालाही खरचटले तर साऱ्या जगात गावाची बदनामी होईल, असे दुसऱ्यांचे. आणि तिसरा तट "आधी प्रार्थना करू या" म्हणणाऱ्यांचा. कोंबड्यांचे प्रकरण तर पानोपानी होते: जुलैच्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या बारा कोंबड्या ऑक्टोबरपर्यंत पोसाव्यात, ऑक्टोबरात विकाव्यात, फेब्रुवारीसाठी पुन्हा घ्याव्यात, आता भाव चढला आहे. शिक्षकांच्या संपामुळे वर्ग किती दिवस भरले नाहीत आणि कॉफीची मालमोटार अडवणुकीमुळे किती दिवस खोळंबली, याचीही टाचणे होती. पण शेवटी ठराव असा की, यातील काही पाहुण्यांना कळवू नये, "सर्व ठीक आहे, अवश्य यावे," एवढेच लिहावे, कारण त्यांना आधीच पुष्कळ काळज्या आहेत.

खजीनदारबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, तो माझा जुना हिशेब होता, आणि त्याच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने लिहिले: 'कोंबड्या, बारा, दोनदा.' गावचे पैसे चुकते करण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. यजमानांनी तो हसून नामंजूर केला.

मी मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या नगर जिल्ह्यात जाऊन पोहोचलो. मिशनरी जावयास निघाले तेव्हा बोस्टनमध्ये कोण काय बोलले, कोणाला किती खर्च आला, कोणत्या हुकुमाला कोणी काय उत्तर दिले, हे सर्व त्यांना पाठविणाऱ्या बोर्डाच्या वार्षिक अहवालांत छापलेले आहे आणि जिज्ञासूंना आजही वाचता येते. परंतु पुढे त्यांचीच माणसे घोड्यावरून आमच्या गावाकडे येऊ लागली तेव्हा तेथेही एखाद्या कडुनिंबाखाली चार माणसे बसलीच असतील. यांना उतरवावयाचे कोठे, यांना सोसेल असे पाणी कोणत्या विहिरीचे, पाटील काय म्हणेल, मामलेदार काय म्हणेल, आणि कोंबडी कोणी द्यावयाची, याचा खल झालाच असेल. त्या बैठकीचे टिपण कोणी ठेवले नाही, कारण माझ्या पणजोबांना लिहावयास शिकविण्यासाठीच तर ते पाहुणे येत होते.

ओहायओस परतल्यावर जो अहवाल मंडळीला सादर झाला त्यात, राजकीय अस्थिरतेवर मात करून पथकाने शाळेची भिंत रंगविली, असे वाक्य आहे, आणि त्याखाली इतर सभासदांबरोबर माझीही सही आहे. वस्तुस्थिती अशी की, तो चार फुटांचा पट्टा आम्ही सर्वांनी मिळून दीड तासात रंगविला. उरलेले सहा दिवस त्या गावाने आम्हांला सांभाळले.